दर पावसाळ्यात अडकणारी लाकडी खिडकी: रंधा खाली ठेवा, आधी खडू घ्या

मे महिन्यात एका बोटाने लागणारी खिडकी आषाढात खांदा दिल्याशिवाय हलत नाही. मग सुतार येतो, कडेवर दोन हात रंधा मारतो, खिडकी लागते. दिवाळीनंतर तीच खिडकी वाऱ्यावर खडखडते, फटीतून धूळ येते आणि पुढच्या आषाढात पुन्हा अडकते. सोबतीला काचेच्या कडेची लांबी (काच धरून ठेवणारी पुट्टी) सुटते, खालच्या पट्टीवर काळा डाग चढतो, एखादी काच कोपऱ्यातून तडकते. कोकणात, मुंबईत, गोव्यात ज्यांच्या घरी अजून लाकडी खिडक्या आहेत, त्यांना हे वेळापत्रक पाठ असतं. काही जण "लाकूड आहे, फुगणारच" म्हणून गप्प बसतात, काही जण ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवून मोकळे होतात.

लाकूड फुगणार, यात वाद नाही. पण एकदा नीट बसलेली खिडकी दरवर्षी नव्याने अडकू लागली, तर माझा पहिला संशय मागच्या वर्षीच्या रंध्यावर असतो. रंध्याने कडेचा रंग निघून जातो आणि आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. भर पावसात त्यावर रंग धरत नाही, म्हणून "उघडीप झाली की लावू" असं ठरतं, आणि उघडीप झाल्यावर खिडकी मजेत लागत असल्यामुळे ते राहूनच जातं. ती कोरी कड पुढच्या पावसाळ्यात आधीपेक्षा जास्त आणि लवकर ओल पिते. पुन्हा रंधा, पुन्हा कोरी कड. काही वर्षांनी अशी झडप उन्हाळ्यात फटीतून रस्ता दिसेल इतकी अरुंद झालेली असते, आणि तरीही जुलैत अडकते.

किती फुगते, कुठे फुगते

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. झडपेच्या दोन्ही उभ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत अखंड असतात, त्यामुळे झडपेची उंची पावसाळ्यातही जवळपास तेवढीच राहते. वाढते ती रुंदी, आणि तीही मुख्यतः त्या उभ्या पट्ट्यांची.

हिशोब करून पाहा. दोन झडपांच्या खिडकीत चार उभ्या पट्ट्या असतात. प्रत्येक ३ इंच रुंद धरली तर एकूण १२ इंच, म्हणजे सुमारे ३०० मिलिमीटर लाकूड आडव्या दिशेने फुगायला मोकळं आहे. सागवानातला ओलावा १ टक्क्याने वाढला की फळी रुंदीत साधारण ०.२ टक्का वाढते (ओंडका आरपार चिरून काढलेल्या फळीत एवढी, गाभ्याच्या दिशेने चिरलेल्या फळीत याच्या निम्मी किंवा त्याहून कमी). हवेतली आर्द्रता ४० टक्के असताना लाकूड ७–८ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ८५ टक्के असताना १८ टक्क्यांच्या आसपास. खिडकीचं लाकूड एवढा सगळा पल्ला गाठत नाही, कारण रंग त्याला अडवतो. समजा ओलावा ५ टक्क्यांनीच वाढला, तरी त्या चार पट्ट्या मिळून ३ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण एक सूत वाढल्या. सुताराने उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना आणि मध्ये एकेक मिलिमीटर फट ठेवून खिडकी "घट्ट, सुरेख" बसवली असेल, तर ती सगळी फट इथेच संपली. वरून दर गणपतीला चढवलेले रंगाचे हात. जुन्या वाड्यांतल्या खिडक्यांच्या कडांवर रंगाचा थर अर्धा सूत भरलेला मी पाहिला आहे. तिथे लाकडाला हात लावायची गरजच नसते, रंग खरवडला की काम होतं.

आधी कुठे घासतंय ते पाहा

चौकटीच्या आतल्या कडेला साधा खडू घासा, झडप लावा, उघडा. झडपेवर जिथे खडू उमटला, तिथेच ती लागते. दुसरी तपासणी कागदाची. जुन्या लग्नपत्रिकेचं पुठ्ठ्यासारखं पान चारी बाजूंनी फटीतून फिरवा, जिथे अडेल तिथे खूण करा. (लग्नपत्रिकेचा हा सर्वात टिकाऊ उपयोग आहे.)

खडू उभ्या कडेवर वरपासून खालपर्यंत सारखा उमटला, तर ते फुगणं आहे. हा आजार ओलीचा.

बिजागरीच्या विरुद्ध बाजूला फक्त वरचा कोपरा चौकटीला घासतोय आणि त्याच बाजूचा खालचा कोपरा तळाला ओढतोय, असं असेल तर झडप झोकली आहे. इथे रंधा मारणं म्हणजे शुद्ध नुकसान, कारण झडप पुढे आणखी झोकणार आणि तुम्ही आणखी तासत बसणार.

झडप शेवटच्या दोन बोटांपर्यंत मोकळी येते आणि तिथून उसळी मारून परत उघडते, असं असेल तर दोष बिजागरीचा. बिजागरीचं घर गरजेपेक्षा खोल खणलेलं असतं, नाहीतर स्क्रूचं डोकं वर आलेलं असतं. स्क्रू काढून बिजागरीच्या पानाखाली पुठ्ठ्याची एक पट्टी घाला. दहा मिनिटांचं काम.

आणि कधीकधी झडप निर्दोष असते, चौकटच वाकलेली असते. बाह्यांना (चौकटीच्या उभ्या बाजूंना) ओळंबा लावा, वरच्या आणि खालच्या पट्टीला दोरी ताणून धरा. भिंतीचा किंवा लिंटेलचा (खिडकीवरच्या आडव्या तुळईचा) भार चौकटीवर येत असेल तर वरची पट्टी मध्ये खाली आलेली दिसते. यावर घरगुती इलाज नाही, गवंडी लागतो.

झोकलेली झडप

आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहा. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंडी स्क्रू गंजून डोक्याखालीच झिजतात, पिळले की डोकं हातात येतं. पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरा. भोक सैल झालं असेल तर लोक त्यात आगकाड्या कोंबतात. तेवढ्यापुरतं चालतं, पण काचेच्या झडपेचं वजन त्या काड्या फार दिवस पेलत नाहीत. भोक गिरमिटाने साफ गोल करून त्यात सागाची किंवा बांबूची खुंटी जलरोधक गोंदाने ठोका, वाळू द्या, आणि मग त्यात नवं बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. ४ फुटांहून उंच झडपेला दोन बिजागऱ्या पुरत नाहीत, तिसरी लावा.

स्क्रू पक्के असूनही झोक असेल तर झडपेचे दोन्ही कर्ण मोजा. बिजागरीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण जास्त भरला, तर सांधे ढिले झालेत. झडप उतरवून सपाट जागी ठेवा. कुसवं (आडव्या पट्ट्यांची उभ्या पट्टीत शिरलेली टोकं) आपल्या भोकात हलत असतील तर जुना गोंद खरवडून नवा जलरोधक गोंद भरा, बाहेरून पाचरी ठोका, शिकंजात आवळून कर्ण सारखे करा आणि आरपार बांबूची खुंटी मारा. साधा पांढरा सुतारी गोंद खिडकीला वापरू नये, तो ओलीत मऊ पडतो. लोखंडी पट्ट्यांचे कोन बाहेरून ठोकायची पद्धत मला आवडत नाही. त्यांच्यामागे पाणी अडकतं आणि सांधा आतून कुजतो.

काचेच्या झडपेला मात्र एक मोठी सोय आहे, जी आपल्याकडे फार थोडे जण वापरतात. काच स्वतःच झडपेला तिरका टेकू देऊ शकते. काच बसवताना बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याजवळ काचेखाली एक छोटा ठोकळा आणि समोरच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याजवळ काचेवर दुसरा ठोकळा बसवायचा. ठोकळे कडक प्लॅस्टिकचे किंवा सागाचे, २ मिलिमीटर जाड, कोपऱ्यापासून दोन-तीन इंच आत. काचेचं वजन मग थेट बिजागरीच्या कोपऱ्यावर उतरतं आणि झडप खाली झोकायला गेली की काच तिला अडवते. ४ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला १० किलो असतं. दीड फूट बाय चार फुटांच्या झडपेत साडेपाच किलोंहून जास्त वजन टांगलेलं असतं. ते कुठे टेकतंय याला महत्त्व आहे.

फुगणारी झडप

आता मुख्य आजार. नवरात्र संपलं की लगेच सुरू करू नका, लाकूड वाळायला वेळ लागतो. डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. झडप उतरवा (बिजागऱ्यांवर आणि चौकटीवर खुणा करून ठेवा, नाहीतर चार झडपांची सरमिसळ होते) आणि तिची खालची कड पाहा. उभ्या पट्ट्यांची टोकं तिथे येतात. ती जवळजवळ प्रत्येक घरात कोरी सापडतात, कारण झडप लावलेली असताना रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचत नाही. लाकूड म्हणजे पेंढ्याच्या काड्यांची घट्ट मोळी समजा. बाजूने पाणी सावकाश शिरतं, कापलेल्या टोकांतून मात्र भराभर वर चढतं. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून नेमकं याच टोकांशी येऊन थांबतं.

जुना रंग खरवडा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) ठेवणारा नियम भारतात २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीचे थर त्यात बसतीलच असं नाही. म्हणून कोरडा पॉलिशपेपर घासून धूळ उडवू नका. पाणी मारून ओला घासा, लहान मुलांना लांब ठेवा, खाली पडलेला कचरा गोळा करा. लाकूड पूर्ण वाळलं की खडूच्या खुणांनुसार, खरोखर गरज असेल तेवढाच रंधा मारा. बसवताना दोन्ही बाजूंना आणि मधल्या जोडात प्रत्येकी दीड ते दोन मिलिमीटर फट हवी. उन्हाळ्यात ती डोळ्याला खुपेल, खुपू द्या.

रंधा मारला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत प्रायमर लागला पाहिजे. सागवान तेलकट असतं, आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. उभ्या पट्ट्यांच्या टोकांना प्रायमर तीनदा पाजा, पहिले दोन हात ती गटागट पितात. बिजागरीचं घर, कडीचं भोक, वरची कड, खालची कड, काहीही कोरं राहता कामा नये. मग ऑइलपेंटचे दोन हात, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू देऊन. आतल्या बाजूला फ्रेंच पॉलिशची हौस असेल तर ती आतच ठेवा. लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं, बाहेरच्या बाजूला ते एक पावसाळाही काढत नाही.

जमल्यास खालच्या आडव्या पट्टीच्या तळाला, बाहेरच्या कडेपासून अर्धा इंच आत, एक सूत रुंद खोबण काढा. ओघळणारं पाणी तिथे तुटून थेंबाने खाली पडतं, आत सरकत नाही. चौकटीची खालची पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती हवी, हे सांगायला नको, पण सपाट पट्ट्या आणि त्यावर साचलेलं तळं मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की सांगतोच. झड थेट येणाऱ्या पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा नसेल तर कितीही रंग लावा, तो पुरा पडत नाही. पडवीला झापं बांधणारी जुनी माणसं वेडी नव्हती.

लांबी का सुटते

लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. काचेची खाच कोरी असेल तर लाकूड त्यातलं तेल शोषून घेतं, मागे उरतो कोरडा खडू. तो वर्षभरात भेगाळतो, पाणी आत घेतो आणि पोपडे होऊन पडतो. दुकानदार लांबी बदलून देतो, तीही पडते, कारण दोष लांबीचा नव्हता. खाच आधी प्रायमरने बुजवायची, एवढंच राहिलेलं असतं.

दुसरं कारण आणखी सर्रास दिसतं. भिंती रंगवायला आलेला माणूस डब्यात उरलेली वॉल पुट्टी खिडकीला फासून जातो. ती सिमेंटची किंवा ॲक्रिलिकची असते, भिंतीसाठी बनवलेली. काचेला ती धरत नाही, लाकडाबरोबर हलत नाही, पहिल्याच उन्हात सुटते. खिडकीच्या लांबीसाठी स्वतंत्र भारतीय मानक आहे, आयएस ४१९. डबा घेताना त्यावर खिडकीच्या काचेसाठी असं लिहिलेलं आहे ना, ते पाहा. घरी करायची असेल तर बारीक चाळलेल्या खडूच्या भुकटीत जवसाचं तेल थोडं थोडं घालत कणकेसारखं मळा. वजनाने साधारण पाच-सहा भाग भुकटीला एक भाग तेल लागतं. हाताला चिकटेनाशी झाली की झाली. लवकर सुकावी म्हणून तेलात थोडं बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) मिसळतात. बेलतेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

काच बसवताना खाचेत आधी लांबीचा पातळ थर द्यायचा आणि काच त्यावर दाबायची. बरेच जण हा मागचा थरच देत नाहीत, काच कोरड्या लाकडावर टेकवतात आणि फक्त बाहेरून लांबी भरतात. मग पावसात काच थरथरते आणि तिच्यामागून पाणी उतरतं. पुढची लांबी तिरकी, चाकूने ओढून एकसारखी. तिच्यावर साय धरायला एक ते तीन आठवडे जातात, त्याआधी रंग लावू नका. रंग लावताना ब्रश काचेवर दोनेक मिलिमीटर चढू द्या. ही बारीक रेघ लांबी आणि काच यांच्यामधली फट बुजवते. नीटनेटकेपणाच्या हौसेने मास्किंग टेप लांबीच्या अगदी कडेला लावून ही रेघ टाळली जाते, आणि पाणी तिथूनच शिरतं.

सिलिकॉनबद्दल विचारलं जातंच. ते काचेला उत्तम धरतं, पण त्यावर रंग बसत नाही आणि काच बदलायची वेळ आली की ते खरवडून काढणं म्हणजे शिक्षा. वापरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास न येणारं, न्यूट्रल प्रकारचं घ्या, आणि बाहेरून लांबीऐवजी लाकडी पट्टी ठोकलेल्या खिडकीत पट्टीच्या आत वापरा. रंगवलेल्या जुन्या झडपेला मी लांबीच देईन.

काच तडकते

तडा कुठून निघतो ते बघितलं की निम्मं उत्तर मिळतं. पट्टीच्या चुकेपाशी (बारीक खिळ्यापाशी) सुरू झाला असेल तर चूक काचेला टेकली आहे, बारीक पॅनेल पिन वापरा आणि ती काचेपासून बाहेर झुकवून मारा. कोपऱ्यातून निघाला असेल तर काच खाचेत आवळून बसलेली आहे किंवा झडप झोकून कोपऱ्यावर भार आला आहे. कडेपासून काटकोनात निघून पुढे नागमोडी गेला, आणि खिडकी उन्हाची, काचेवर काळी फिल्म किंवा अर्धवट चिकटवलेला कागद, असं असेल तर तो उष्णतेचा तडा. मध्ये जास्त आणि कडेला कमी तापल्याने काच फाटते.

बहुतेक वेळा गोष्ट मापाची असते. खाचेपासून खाचेपर्यंतचं अंतर तीन ठिकाणी मोजा, सर्वात लहान माप धरा आणि त्यातून दोन्ही दिशांना ४ मिलिमीटर वजा करून काच कापा. म्हणजे प्रत्येक कडेला २ मिलिमीटर मोकळे राहतात. नवी झडप करत असाल तर खाच १८ मिलिमीटर खोल आणि काचेवर १० ते १२ मिलिमीटर येईल अशी ठेवा. ४ मिलिमीटर काच, मागे २ मिलिमीटर लांबी, पुढे पट्टी, सगळं त्यात बसतं.

काच घरी कापायची तर जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. हिरकणी किंवा चाकाचं कटर एकदाच, एकाच दाबाने, एका दमात ओढा. चाकाला थोडं रॉकेल किंवा पातळ तेल लावा. रेघेवरून दुसऱ्यांदा फिरवलंत तर कटर खराब होतं आणि काच वेडीवाकडी तुटते. रेघ मारली की लगेच काडीवर टेकवून तोडा. टफन केलेली काच कापता येत नाही, ती मापानेच बनवून आणावी लागते.

आत्ता जुलै आहे आणि खिडकी अडकली आहे

ओढून-ताणून उघडू नका, पहिला बळी काचेचा जातो. हातोड्याने ठोकायचं तर लाकडाचा ठोकळा मध्ये धरून, बिजागरीच्या विरुद्ध बाजूच्या उभ्या पट्टीवर, वर-खाली हलकेच. उघडली की घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चांगली घासा, आणि दुपारी घरात पंखा लावून तिच्यावर वारा लागू द्या. रोज उघडझाप करत राहा. फुगून अगदीच लागत नसेल आणि झड आत येत असेल तर एकाच झडपेची मधली कड तासा, दोन्ही झडपा नाही. तासलेल्या जागेवर त्याच दिवशी बेलतेलाचा एक हात फडक्याने चोळा, आणि कॅलेंडरवर डिसेंबरच्या पानावर त्या खिडकीचं नाव लिहून ठेवा.